आवरलेलं पाऊल

(अंधार. बुटांच्या नाड्या आवळणारे हात. मग रस्त्यावर पावलांचा आवाज.)

निवेदन:
उजाडायला अजून अवकाश आहे. नऊच्या ठोक्याला हिला कामावर हजर व्हायचंय, म्हणून झोपेतून काढून घेतलेली ही वेळ. बक्षीस मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी चार महिन्यांनी तिला मॅरेथॉन पळायचीय. ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर.

हे वरचे १९५ मीटर कुठून आले? १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ साली तेच कायम झालं. राजघराणं निवांत बसलं होतं. पाय मात्र अजून आपले दुखताहेत.

(मागून एक धावक येतो, तिला ओलांडून पुढे जातो.)

बघा, तिचं पाऊल आपोआप लांब पडलं. आणि तिने ते आवरलं. या फिल्ममधली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही आत्ता पाहिलीत.

हौशी धावक रोजच्या सरावालाच शर्यत करून टाकतो. धाप लागली नाही, तर त्याला व्यायाम केल्यासारखं वाटतच नाही. खरं तर आठवड्यातलं बहुतेक धावणं इतकं सावकाश हवं, की शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता यावं. शब्द तुटक येऊ लागले, की समजायचं वेग वाढला. (एकट्याने पळणारे स्वतःशीच बोलतात. लोक बघतात, बघू देत.)

वरून काहीच घडत नाही असं वाटतं, पण आत कामं जोरात चालू असतात. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमधले मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, वाढतात आणि शरीर चरबी जाळायला सरावतं. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड तर ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही २२ मैलांची सलग दौड करायला लावत. दोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठी २२ मैल! १९६० साली रोममध्ये स्नेलने सुवर्णपदक जिंकलं.

(ती पायरीवर बसून नडगी चोळतेय.)

सातवा आठवडा. दम आधी वाढतो, हाडं मागाहून येतात. हृदय काही आठवड्यांत सुधारतं. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, आणि हाडं यांना महिने लागतात. त्यामुळे साधारण दीड महिन्याने माणसाला वाटतं, आता आपल्याला काय धाड भरणार? आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकते. बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, तर पळणं बंद करून थेट डॉक्टरांकडे जायचं. हिचं दुखणं पसरट होतं, तपासणीत हाड शाबूत निघालं. दहा दिवस नुसतं चालणं. ते दहा दिवस घरातल्यांनी कसे काढले, हे त्यांनाच विचारा.

(लाँग रन. ऊन चढलेलं. पाठीवर घामाचा नकाशा.)

सुटीचा दिवस, २८ किलोमीटर. हा लाँग रन नुसती जिद्द दाखवायला नसतो. त्यामागे साधं गणित आहे. एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. माणूस ६० किलोचा असेल, तर पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजार. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, देते सुमारे दोन हजार. बाकीचं चरबीतून यायला हवं, पण वेग वाढवला की शरीर चरबी सोडून ग्लायकोजेनवरच ताव मारतं. मग तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पायांत शिसं उतरतं. धावक त्याला ‘वॉल’ म्हणतात.

ही भिंत जुनी आहे. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये फ्रान्सचा आल्बिन लेर्म्युझिओ सुरुवातीला सुसाट सुटला. त्याच्यानंतर आघाडी घेतली ऑस्ट्रेलियाच्या एडविन फ्लॅकने. तो त्याच ऑलिंपिकमधला १५०० मीटरचा विजेता. दोघांनाही शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. जिंकला मागून आलेला स्पिरिडॉन लुईस.

म्हणून ही वाटेत साखरेचं घट्ट जेल खाते. चव भयंकर, पण पोटालाही सराव हवा; शर्यतीच्या दिवशी नवं काही करायचं नसतं. पाणी तहानेप्रमाणे. गरजेपेक्षा जास्त ढोसलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी कमी करत न्यायचं. याला ‘टेपर’ म्हणतात. पाय ताजे होतात, डोकं फिरतं. उगाच गुडघा दुखल्याचा भास होतो.

(शर्यतीची पहाट. गर्दी. भोंगा वाजतो.)

सगळे एकदम उसळतात. तीही त्या लोंढ्यात वाहत जाते. पहिला किलोमीटर. मनगटावर घड्याळ वाजतं. ठरवल्यापेक्षा ४० सेकंद लवकर.

ती घड्याळाकडे बघते. खांदे सैल सोडते. पाऊल आखडतं घेते.

दोन्ही बाजूंनी माणसं तिला ओलांडून पुढे जाऊ लागतात.

(काळोख. फक्त पावलांचा आवाज.)