गळणाऱ्या धरणाची बाजू

पत्रिकेवर ‘मातीचे धरण आणि त्याचा जलाशय’ असा विषय छापलेला आहे आणि जलाशयाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी ‘गळती’ या शब्दाशी माझे जुने भांडण आहे, ते उरकून घेतो. धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली की ओरड सुरू होते. मातीचे धरण पाझरणारच. काळ्या चिकणमातीचा गाभा, म्हणजे आपले हार्टिंग, पाणी पूर्ण अडवत नाही, त्याचा जोर मारतो. मुरमाचे केसिंग त्या गाभ्याला दोन्ही अंगांनी आधार देते. आणि जे पाणी तरीही झिरपते, त्याला वाळूच्या गाळणीतून रॉक टोकडे, म्हणजे पायथ्याच्या दगडी रचाईकडे, वाट काढून दिलेली असते. पाहायचे असते ते त्या पाण्याबरोबर माती येते का, एवढेच.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका लघु पाटबंधारे तलावावर होतो. पायथ्याच्या चारीतल्या व्ही-नॉचवर, म्हणजे पाझर मोजायच्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेवर, पाण्याची उंची मी रोज मिलिमीटरमध्ये टिपायचो आणि आकडा हलला नाही की निर्धास्त व्हायचो. तिथले चौकीदार काका मात्र तेच पाणी काचेच्या ग्लासात भरून चहा उकळेपर्यंत कठड्यावर ठेवायचे. एका ऑगस्टमध्ये त्यांनी मला पहाटे उठवले. “साहेब, तुमचा आकडा तोच आहे, पण ग्लासाचा बूड बघा.” बुडाशी नखाच्या जाडीचा थर होता, तोही काळा नव्हे, पिवळसर, म्हणजे गाभ्याची नव्हे, धरणाखालच्या पायातली माती येत होती. विमोचकाची, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेची, झडप उघडून आम्ही साठा उतरवू लागलो आणि पाणी उसळत होते तिथे आधी वाळू, वर खडी, वर दगड अशी उलटी गाळणी रचली. तिसऱ्या दिवशी ग्लास स्वच्छ! वरिष्ठ कार्यालयाने खुलासा मागवला तो मात्र पाझर पूर्ण बंद का केला नाही याचा. तो बुजवला असता, तर आतला दाब वाढून पाण्याने उतारावर दुसरीकडे तोंड काढले असते, हे मी तीन पाने लिहून कळवले. उत्तराची अजून वाट पाहतो आहे.

अमेरिकेतल्या टेटन धरणावर ५ जून १९७६ रोजी सकाळी गढूळ पाणी दिसले आणि बाराच्या सुमारास धरण फुटले. आपल्याकडे २०१९ मध्ये तिवरे धरण फुटल्यावर एका मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. खेकडे बिळे करतात हे खरे, आणि त्यांच्याकडून खुलासा मागवता येत नाही ही मोठीच सोय.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा जलाशय धावतच पाहू. गाळ सगळा धरणाच्या भिंतीशी, मृतसाठ्यात, म्हणजे विमोचकाच्या पातळीखालच्या पाण्यात, जाऊन बसतो, ही समजूत चुकीची आहे. नदी जिथे जलाशयात शिरते तिथेच तिचा वेग पडतो आणि जाड गाळ तिथे साचून उपयुक्त साठा खातो. जायकवाडीच्या नाथसागरासारख्या उथळ, पसरट जलाशयात बाष्पीभवनाचा वाटाही मोठा. आणि साठा झपाट्याने उतरवू नये, कारण पाण्याचा आधार निघून जातो पण भिजलेली माती तशीच जड राहते, मग पाण्याकडचा उतार पिचिंगसकट, म्हणजे वरच्या दगडी अस्तरासकट, घसरतो. आमच्या त्या ऑगस्टमध्ये झडप किती उघडायची यावरूनच काकांशी माझा वाद झाला होता. सांडव्याचे तेवढे चहाच्या वेळी विचारा.