खुतब्यातून वगळलेलं नाव

दमास्कस, सन 1240. उमय्या मशिदीत जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, संपत आला आहे. आता राज्यकर्त्याचं नाव घेऊन दुआ मागायची, ही रीत. मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, ज्याचं नाव घेतलं जातं, राज्य त्याचं. आज खतीब, म्हणजे प्रवचन देणारे, इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम ते नाव घेत नाहीत. अल्लाहच्या आज्ञेप्रमाणे चालणाऱ्यांना बळ मिळो, एवढीच दुआ मागतात आणि खाली उतरतात.

वगळलेलं नाव दमास्कसचा राज्यकर्ता सालेह इस्माईलचं. हा क्रुसेडरांशी लढलेल्या सुलतान सलाहुद्दीनचा पुतण्या. इजिप्तचा सुलतान सालेह अय्यूब या इस्माईलचा पुतण्या, आणि काका-पुतण्यांत सत्तेचा झगडा पेटलेला. मदत हवी म्हणून काकाने थेट फ्रँकांशी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती क्रुसेडरांशी, तह केला आणि सफद व शकीफ हे किल्ले त्यांना देऊन टाकले. हेच किल्ले सलाहुद्दीनने 1188 आणि 1190 मध्ये वेढा घालून घेतले होते. त्याची कबर या मशिदीच्या शेजारीच आहे.

तहानंतर फ्रँक दमास्कसच्या बाजारात हत्यारं घ्यायला येऊ लागले. विकणारे बिचकले. विकावं की नाही, असं विचारायला ते इज्जुद्दीनकडे गेले. उत्तर मिळालं: हराम. ही हत्यारं तुमच्याच भावांवर चालणार, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मालिकी पंथाचे विद्वान इब्नुल हाजिब त्यांच्या बाजूने उभे राहिले. खतीबपद गेलं, दोघांनाही कैद झाली.

पण दिसेल त्या पापावर चारचौघांत बोट ठेवावं, असं फिकह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, सांगत नाही. वाईट दिसलं तर हाताने बदला, ते जमत नसेल तर जिभेने, तेही नाही तर मनाने, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सर्वांना माहीत असते. ती ज्या प्रसंगात सांगितली गेली, तो कमी जणांना माहीत असतो. मदिनेचा शासक मरवान याने ईदच्या नमाजआधीच खुतबा सुरू केला, तेव्हा एकाने सगळ्यांसमोर त्याला टोकलं. याने आपलं कर्तव्य केलं, असं म्हणत पैगंबरांचे सोबती अबू सईद अल-खुदरी यांनी ही हदीस ऐकवली. उलट, खलिफा उस्मान यांच्याशी बोला असा आग्रह झाला, तेव्हा पैगंबरांचेच आणखी एक सोबती उसामा इब्न झैद म्हणाले, तुम्हाला ऐकू आलं तरच मी बोललो असं समजता का? आणि बंद दाराआडचं पाप तर शोधायलाच जायचं नाही. कुराणात हेरगिरीला मनाई आहे.

राज्यकर्त्याला एकांतातच नसीहत, म्हणजे उपदेश, द्यावी, असं मानणारे आजही उसामांचा दाखला देतात. तो वजनदार आहेच. पण दमास्कसमध्ये किल्ले उघडपणे दिले गेले होते, हत्यारांचा सौदा भर बाजारात चालला होता आणि पाप लागणार होतं ते विकणाऱ्या सामान्य माणसाला. त्याने विचारलं, तर उत्तर सुलतानाच्या कानात कसं द्यायचं?

सुटका झाल्यावर इज्जुद्दीन इजिप्तला निघाले. चौदाव्या शतकातला चरित्रकार सुबकी लिहितो, वाटेत इस्माईलच्या माणसाने त्यांना गाठलं: सुलतानाच्या हाताचं चुंबन घ्या, सगळं परत मिळेल. ते म्हणाले, त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलेलं मला चालणार नाही, मी त्याचं घेणं तर लांबच.

इजिप्तमध्ये सालेह अय्यूबने त्यांना काझी केलं. शत्रूच्या शत्रूला जवळ केलं म्हणा ना. पण इज्जुद्दीन यांनी तिथलेही कागद तपासले. सुलतानाचे तुर्की अमीर, म्हणजे सरदार, बैतुलमालच्या, म्हणजे सार्वजनिक खजिन्याच्या पैशाने विकत घेतलेले गुलाम होते आणि त्यांना रीतसर मुक्त केलेलंच नव्हतं. म्हणजे त्यांचे खरेदी-विक्रीचे व्यवहार आणि निकाह कायद्याने टिकत नव्हते. त्यांत खुद्द सुलतानाचा नायब! सुलतान चिडला, म्हणाला, हे काझीचं काम नाही. इज्जुद्दीन यांनी सामान गाढवावर लादलं आणि शहर सोडलं. मागोमाग लोक निघाले. राज्यच जाईल हे कळल्यावर सुलतान स्वतः घोड्यावरून त्यांना परत आणायला गेला.

मग अमीरांना रीतसर मुक्त करता यावं म्हणून त्यांचा लिलाव झाला. इज्जुद्दीन यांनी भाव पाडू दिला नाही. एकेक अमीर चढ्या किमतीला गेला आणि ती रक्कम लोकांच्या कामांसाठी खर्च झाली.