तळाशी बसलेला पांढरा साका

नमस्कार मंडळी. बोलायला उभी राहण्याआधी मागच्या टेबलावरच्या ओव्हनमध्ये एक ट्रे ठेवून आले आहे. तो बाहेर येईपर्यंत चीज घातलेल्या भाजक्या बटाट्यांबद्दल बोलू. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, हे गोव्यात वेगळं सांगायला नको. हा पदार्थ मात्र फ्रान्सचा, आल्प्सच्या बाजूच्या दोफिने प्रांतातला. नोंद १७८८ सालची. जुन्या पद्धतीत त्यात चीज घालतच नाहीत! बटाटा, दूध, साय, बस्स. तरी तो घट्ट होतो. कशामुळे?

आपल्याकडे बटाटा चिरला की हात आपोआप पाण्याच्या पातेल्याकडे जातो. काळा पडू नये म्हणून. काचऱ्यांना ते ठीक आहे. मीही पहिल्यांदा तेच केलं, वर दोनदा पाणी बदललं. पन्नास मिनिटांनी ओव्हन उघडला तर खाली फुटलेलं दूध, वर चीजचा चामट पापुद्रा, आणि चकत्या एकमेकींना धरायला तयार नाहीत. पाहुणे ताटावर बसलेले. रात्री भांडी घासताना त्या पातेल्याच्या तळाशी पांढरा साका दिसला. बोट फिरवलं तर पिठासारखा मऊ. दूध दाट करणारा, ते फुटू न देणारा स्टार्च तो हाच, आणि मी तो मोरीत ओतत होते.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की सोलण्याआधी हवा तितका धुवा, चिरल्यावर पाणी लावू नका. काळा पडायची भीती असेल तर चकत्या थेट दुधात टाका.

एक किलो बटाटे घ्या. पातळ सालीचे नवे नकोत, त्यांत पाणी जास्त असतं. जुने, पिठूळ बघा. फ्रिजमध्ये ठेवलेले तर नकोच, थंडीत स्टार्चची साखर होते आणि बटाटा गुळमट लागतो. चकत्या तीन मिलिमीटरच्या, सगळ्या सारख्या. अर्धा लिटर सायीचं दूध, वाटीभर क्रीम, मीठ, मिरी. त्यात चकत्या मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत ठेवा. दूध डावाच्या पाठीला चिकटू लागलं की समजायचं, साका कामाला लागला. आता जायफळ किसा. आपल्या फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे माड-पोफळीच्या बागांत, जायफळ पिकतं, आणि आपण ते फक्त श्रीखंडाला राखून ठेवतो! बटाट्याला आणि दुधाला ते इतकं शोभतं की सोमवारच्या शिवराक, म्हणजे कांदा-लसणाविना केलेल्या शाकाहारी जेवणात लसणाची आठवणसुद्धा येत नाही.

लोणी लावलेल्या ट्रेमध्ये ओतून, वर फॉइल लावून १८० अंशांवर अर्धा तास. मग फॉइल काढून चीज, साधारण दीडशे ग्रॅम. आधी घातलं तर करपतं. निम्मं चेडर चवीला, निम्मं साधं प्रोसेस्ड, कारण त्यातल्या क्षारांमुळे ते तेल न सोडता वितळतं. पनीर चालेल का, असं मघाशी एका काकींनी विचारलं. काकी, पनीर आंबटाने फाडलेलं असतं, ते वितळत नाही. भाजीत घाला, इथे नको. आणखी वीस मिनिटं.

ओव्हन नसेल तर आपली थराथरांची गोड बेबिंका आठवा. वरून निखाऱ्यांची आच देऊनच तिचा एकेक थर भाजत आले ना? जाड बुडाच्या भांड्याखाली मंद आच आणि सपाट झाकणावर निखारे ठेवले की यालाही तसाच रंग येतो.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. कडेला उकळणारं दूध तेवढ्या वेळात बटाट्यात मुरतं, मग सुरीने चौकोनी वडी पडते. तळलेल्या विसवणाशेजारी, म्हणजे सुरमईशेजारी, ही वडी वाढा, किंवा नुसत्या पावाबरोबर.

वास आला ना? दोघीजणी पुढे या, एक जाड फडकं घेऊन. ट्रे काढूया.