रोलांड्सेकचा फलाट

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीत कोलोनहून कोब्लेन्झकडे जाणारी साधी पॅसेंजर धरली, की बॉन मागे पडल्यावर थोड्याच वेळात रोलांड्सेक नावाचं स्टेशन येतं. गाव म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला र्‍हाईन नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसलेली घरं. रेमागेन या छोट्या शहराचाच तो एक भाग. गाडी जेमतेम मिनिटभर थांबते, चार-दोन माणसं उतरतात. मी पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा फलाटावर उभा राहून त्या इमारतीकडे बघतच राहिलो. एवढ्याशा गावाला एवढं थोरलं स्टेशन कुणी बांधलं असेल, आणि कशासाठी?

याचं उत्तर नदीत आहे. कोलोन ते बॉन ही रेल्वे १८४४ साली सुरू झाली. १८५६ साली तोच मार्ग रोलांड्सेकपर्यंत वाढवला आणि तिथे थांबला. पुढे दोन वर्षं रूळच नव्हते. गाडीतून उतरायचं, उतारावरून धक्क्यावर जायचं, आगबोटीत बसायचं आणि नदीच्या वरच्या अंगाला निघायचं, असा प्रवास होता. र्‍हाईनची सफर करणं ही त्या काळी युरोपातल्या खात्यापित्या घरांची मोठी हौस होती, विशेषतः इंग्रजांची. अशी मंडळी बोटीची वाट बघत बसणार, म्हणून त्यांच्यासाठी दिवाणखान्यासारख्या खोल्या काढल्या, उंच छताचं समारंभाचं दालन बांधलं आणि नदीकडच्या अंगाला भलीमोठी गच्ची काढली. गच्चीला बिडाचा कठडा. त्या कठड्याला टेकून उभं राहिलं की समोर नदी, नदीत नोनेनवेर्ट नावाचं बेट, बेटावर जोगिणींचा मठ, आणि पलीकडच्या तीरावर ड्राखेनफेल्सचा कडा. या बेटावर संगीतकार फ्रान्झ लिस्ट १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यात येऊन राहत असे.

१८५८ साली रूळ थेट कोब्लेन्झपर्यंत पोचले आणि रोलांड्सेक शेवटचं स्टेशन राहिलं नाही. खरं तर तिथेच त्याचं महत्त्व संपायला हवं होतं. पण लोक येत राहिले. आता ते बोट पकडायला येत नव्हते, गच्चीवर बसायला येत होते. राणी व्हिक्टोरिया इथे येऊन गेली, बिस्मार्क येऊन गेला. पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला नीत्शे तरुणपणी, बॉनच्या विद्यापीठात शिकत असताना, मित्रांबरोबर रोलांड्सेकच्या सहलीला आला होता. नंतर १८७२ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला व्याख्यानं देताना त्याने त्या सहलीची आठवण सांगितली.

स्टेशनच्या वरच्या डोंगरावर एक दगडी कमान आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. जुन्या किल्ल्याची तेवढीच एक खूण उरलेली. दंतकथा अशी, की रोलांड हा शार्लमेन राजाचा सरदार लढाईत पडला अशी खोटी बातमी आली आणि त्याच्या वाग्दत्त वधूने समोरच्या बेटावरच्या मठात दीक्षा घेतली. रोलांड जिवंत परतला, तेव्हा फार उशीर झाला होता. मग त्याने इथे किल्ला बांधला आणि मरेपर्यंत खिडकीतून त्या मठाकडे बघत राहिला. ही झाली कथा. कमान मात्र खरी, आणि १८३९च्या डिसेंबरअखेर ती कोसळली. नदीपलीकडे फर्डिनांड फ्रायलिग्राट नावाचा कवी राहत होता. त्याने वर्तमानपत्रात लिहून लोकांकडे वर्गणी मागितली. लोकांनी दिली, आणि १८४० सालीच कमान पुन्हा उभी राहिली. स्टेशन बांधायच्या आधीची ही हकीकत आहे, पण पुढे स्टेशनवर जी वेळ आली, तेव्हा मला ती फार आठवते.

ती वेळ आली दुसऱ्या महायुद्धानंतर. मार्च १९४५मध्ये अमेरिकन सैन्याने रेमागेनचा रेल्वेपूल ताब्यात घेतला आणि र्‍हाईन ओलांडली. दहा दिवसांनी तो पूल नदीत कोसळला. त्याचे काळे बुरूज आजही दोन्ही काठांवर उभे आहेत. रोलांड्सेकची इमारत उभी राहिली, पण तिला वाली उरला नाही. गाड्या थांबत होत्या, पण लोकलच्या उतारूंना समारंभाचं दालन कशाला लागतं? छत गळू लागलं, खोल्या ओस पडल्या. अखेर इमारत पाडून टाकायचा बेत झाला.

१९६४ साली योहानेस वासमूट नावाचा बॉनचा एक तरुण गॅलरीवाला तिथे आला. वय अठ्ठावीसच्या आसपास. त्याने हे पडकं स्टेशन भाड्याने घेतलं आणि तिथे चित्रं लावायला, मैफली करायला सुरुवात केली. स्टेफान आस्केनाझे हे नामवंत पियानोवादक या कामात त्याच्या पाठीशी होते. बॉन तेव्हा पश्चिम जर्मनीची राजधानी. हाकेच्या अंतरावर मंत्री, वकिलाती, पत्रकार, त्यामुळे ऐकायला माणसं मिळाली आणि कलावंतही येऊ लागले. चित्रकार ओस्कार कोकोश्का आला. मूकाभिनयाचा बादशहा मार्सेल मार्सो आला. मार्था आर्गेरिच पियानो वाजवायला आली. येहुदी मेनुहिन आले. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. व्हायोलिनचे हे थोर वादक पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य होते. १९५२ साली दोघांची भेट झाली आणि अय्यंगारांचं नाव युरोपभर जाण्यात मेनुहिन यांचा मोठा वाटा आहे. त्याच हातांनी या स्टेशनात व्हायोलिन धरलं, हे मनात आलं की मला ती जागा एकदम आपली वाटते.

शिल्पकार हान्स आर्प याच्याशी वासमूटचा स्नेह जुळला. १९६६ साली आर्प गेला, पण वासमूटने त्याच्या आणि त्याची पत्नी सोफी टॉयबर-आर्प हिच्या कलाकृतींसाठी इथे कायमचं घर करायचं मनावर घेतलं. अमेरिकन वास्तुकार रिचर्ड मायर याच्याशी बोलणी सुरू केली. हे घर बघायला वासमूट राहिला नाही. १९९७ साली तो वारला. जुनी इमारत दुरुस्त होऊन २००४ साली पुन्हा उघडली, आणि सप्टेंबर २००७मध्ये डोंगरावर मायरने बांधलेल्या पांढऱ्याशुभ्र संग्रहालयाचं उद्घाटन चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या हस्ते झालं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की संग्रहालयाचा दरवाजा म्हणजे स्टेशनच आहे. तिकीट जुन्या इमारतीत काढायचं, मग एका भुयारातून डोंगराच्या पोटात शिरायचं आणि लिफ्टने वर जायचं. अंधारातून एकदम उजेडात आणतात. काचेतून खाली बघावं तर तीच नदी, तेच बेट, तोच मठ.

आणि फलाट अजून फलाटच आहे. जर्मनीत किती तरी गावांची जुनी स्टेशनं गेली, नुसता निवारा आणि तिकिटाचं यंत्र उरलं. इथे ती पाळी आली नाही. र्‍हाईनच्या या काठाने मालगाड्यांची रीघ असते. मी दालनात एका चित्रासमोर उभा होतो, तेवढ्यात एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, पायाखालची लाकडी जमीन किंचित हलली. शेजारी उभ्या असलेल्या आजीबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटचा डबा निघून जाईपर्यंत त्या चित्राकडेच बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून घड्याळ काढून वेळ बघितली, कोट चढवला आणि मागच्या दाराने फलाटावर गेल्या. त्यांची बॉनची गाडी यायची होती.

नमस्कार.