केसपेपर आधी मागा : शस्त्रक्रियेतील निष्काळजीपणा आणि ग्राहक आयोगातील अपील

(बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘ग्राहक आयोगातील अपील : अधिकार आणि पद्धत’ असा छापला आहे. त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु गेली अनेक वर्षे एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे आणि ती आधी सांगितल्याशिवाय अपिलाची कलमे सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. जिल्हा आयोगाने तक्रार फेटाळली की आपली माणसे म्हणतात, ‘आता वर जाऊ, तिथे न्याय मिळेल.’ वर, म्हणजे राज्य आयोगाकडे, जाण्याचा अधिकार आहेच. पण वर गेल्यावर खटला नव्याने उभा राहत नाही. खाली जे कागद दाखल झाले, त्यांवरच वरचे सदस्य विचार करतात आणि नवा पुरावा आणायचा तर तो आधी का आणला नाही याचे सबळ कारण द्यावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेच्या खटल्यातले अपील बऱ्याच अंशी रुग्ण खाटेवर असतानाच, वॉर्डातल्या परिचारिकेच्या नोंदींत आणि संमतीपत्रावर लिहिले गेलेले असते.

मी आपल्याला एक प्रश्न विचारते. आपल्यापैकी कितीजणांकडे घरात झालेल्या शेवटच्या शस्त्रक्रियेचा संपूर्ण केसपेपर आहे? डिस्चार्ज कार्ड नव्हे, संपूर्ण केसपेपर, म्हणजे डॉक्टर-परिचारिकांच्या सगळ्या नोंदींसह. दोन हात वर आलेले दिसतात. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या आहेराची वही मात्र प्रत्येक घरात सापडेल, आणि तुम्ही हसलात याचा अर्थ ती खरोखरच जपून ठेवलेली आहे.

याच तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातल्या बाईंची हकीकत सांगते. पित्ताशयात खडे झाले होते, म्हणून बेळगावच्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. दोन-तीन दिवसांत घरी जाल असे सांगण्यात आले होते. दुसऱ्या दिवसापासून पोट फुगू लागले, अंगात ताप राहू लागला. गॅस धरला आहे, होईल कमी, असे उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडले तेव्हा त्यांचे डोळे पिवळे दिसत होते आणि ते सर्वांत आधी सासूबाईंच्या लक्षात आले होते. पुढे मिरजेला नेल्यावर कळले की मुख्य पित्तनलिकेला इजा झाली असून पित्त पोटात पाझरत आहे. पित्तनलिका आतड्याला जोडण्याची दुसरी, कितीतरी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. त्या खर्चासाठी घरची म्हैस विकली गेली आणि सोसायटीचे कर्ज थकले.

हे प्रकरण १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचे होते. जिल्हा मंचात, म्हणजे आताच्या जिल्हा आयोगात, रुग्णालयाने कैफियत दिली की, पित्तनलिकेला इजा होणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वज्ञात धोका आहे आणि तो स्वीकारूनच संमती दिली गेली होती. त्यातला पहिला भाग खरा आहे आणि तो मी येथे मोकळेपणाने सांगते, कारण डॉक्टरांवर अन्याय करून रुग्णाला न्याय मिळत नाही. सूज असेल, आतली रचना नीट दिसत नसेल, तर निष्णात हातांकडूनही ही इजा होऊ शकते. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, उपचार फसला किंवा अपघात घडला एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. त्या व्यवसायातल्या सामान्य कुशल माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली की नाही, एवढेच पाहायचे. तक्रारीत सगळा भर ‘नळी कापली’ यावर होता आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे मत जोडलेले नव्हते. ते मिळवण्यासाठी घरचे लोक दारोदार हिंडले होते. एका गावातला डॉक्टर त्याच गावातल्या दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लेखी देत नाही, हे दुखणे आपल्याकडचे प्रत्येक पीडित कुटुंब सांगेल. तक्रार फेटाळली गेली.

अपिलासाठी ते कुटुंब माझ्याकडे आले, तेव्हा मी मंचात दाखल झालेले सगळे कागद मागवून घेतले. रुग्णालयानेच केसपेपरची नक्कल दाखल केली होती. ती इंग्रजीत असल्यामुळे आणि समोरच्या पक्षाची असल्यामुळे कोणी शेवटपर्यंत वाचलीच नव्हती. परिचारिकेच्या पानावर शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्रीची नोंद होती : पोटातला द्रव बाहेर काढण्यासाठी बसवलेल्या नळीवाटे अडीचशे मिलिलिटर हिरवट-पिवळा द्रव आला, डॉक्टरांना फोनवर कळवले. खाली वेळ होती आणि सही होती. त्याच्या पुढच्या पानावर सकाळच्या फेरीतली डॉक्टरांची नोंद होती : रुग्ण ठीक, नळी काढली. हिरवट-पिवळा द्रव म्हणजे पित्त, हे जाणण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नव्हती. इजा होणे हा धोका असू शकतो. पण इजेची खूण डोळ्यांसमोर असताना तपासणी न करता ती नळीच काढून टाकणे आणि रुग्णाला घरी पाठवणे याला धोका म्हणता येत नाही. कोण्या अनामिक परिचारिकेने आपले काम चोख केले होते, आणि आमचे सगळे अपील तिच्या त्या दोन ओळींवर उभे राहिले.

तज्ज्ञाच्या मताचा अडसर दूर करायला सर्वोच्च न्यायालयाचा व्ही. किशन राव खटल्यातला २०१० चा निवाडा कामी आला. त्या प्रकरणात हैदराबादच्या एका रुग्णालयाने हिवतापाच्या रुग्णाला विषमज्वराचे उपचार दिले होते. जिल्हा मंचाने भरपाई दिली, राज्य आयोगाने तज्ज्ञाचा पुरावा नाही म्हणून ती काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने मंचाचा निकाल पुन्हा कायम केला. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, निष्काळजीपणा उघड दिसत असेल तर ती वस्तुस्थितीच बोलते, असे त्यात सांगितले आहे. आपल्या ओळखीच्या मुलखातले उदाहरण हवे असेल तर औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयाचे घ्या. तेथे १९६३ साली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला आणि त्या बाई दगावल्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ साली आला. पोटात टॉवेल राहू नये हे सांगायला कोणता तज्ज्ञ लागतो?

आता संमतीपत्राकडे वळते, कारण सीमाभागातल्या आपल्या लोकांची खरी कोंडी तेथे आहे. त्या बाईंचे संमतीपत्र इंग्रजीत छापलेले होते. ‘सर्व धोके मला समजेल अशा भाषेत सांगण्यात आले’ हे वाक्यसुद्धा इंग्रजीतच होते, आणि त्याखाली नवऱ्याची मराठीतली सही होती. बाई शुद्धीवर होत्या, सज्ञान होत्या, त्यांना लिहिता येत होते. तरी त्यांची सही कोणी घेतली नव्हती. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिली गेली पाहिजे आणि सज्ञान, सक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही. बेळगावात रुग्णांशी उत्तम मराठीत बोलणारे, तळमळीने समजावणारे कितीतरी डॉक्टर आहेत, हे मी स्वतः पाहत आले आहे. पण ते बोलणे कागदावर उतरत नाही. छापील कागद इंग्रजी, वॉर्डातल्या सूचना कानडी आणि रुग्ण मराठी, अशा स्थितीत उद्या वाद झाला तर आपण समजावले होते हे त्या भल्या डॉक्टरांनाही सिद्ध करता येत नाही. कानडी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत संमतीपत्र छापायला किती खर्च येतो? ही मागणी कोणत्याही भाषेच्या विरोधातली नाही. ती भूल दिल्या जाणाऱ्या माणसाच्या बाजूची आहे आणि ती आपण प्रत्येक रुग्णालयात केली पाहिजे.

त्या बाईंच्या अपिलात राज्य आयोगाने पित्तनलिकेला इजा झाली हा निष्काळजीपणा मानला नाही. खूण दिसूनही दुर्लक्ष केले हा मानला. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्रासाबद्दल भरपाई मंजूर झाली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि दहाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता भराभर सांगते. सध्या २०१९ चा कायदा लागू आहे, तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. मोबदला, म्हणजे उपचारासाठी दिलेली रक्कम, ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करायची. रुग्णालयाची बहुतेक बिले त्यातच बसतात, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय या कायद्याखाली येत नाही. परंतु काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत तपासणारे येते, आणि विमा कंपनीने बिल भरले असेल तरी रुग्ण ग्राहकच ठरतो. हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्के आहे.

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध कलम ४१ प्रमाणे ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. उशीर झाला तर समाधानकारक कारण द्यावे लागते. पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाने अपील केले, तर त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जुन्या कायद्यात निम्मी किंवा २५ हजार, यांपैकी जी कमी ती भरून भागत असे, त्यामुळे हा बदल रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे. त्यापुढे राष्ट्रीय आयोगात दुसरे अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते, म्हणजे वस्तुस्थितीवरची लढाई बहुधा राज्य आयोगातच संपते.

केसपेपरविषयी २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात की, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद दिले पाहिजेत. दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि परिचारिकेच्या नोंदींसह संपूर्ण केसपेपर असे त्यात स्पष्ट लिहा.

चंदगडहून आलेल्या एका श्रोत्याने लिहून विचारले आहे की, शस्त्रक्रिया बेळगावात झाली असेल तर तक्रारीसाठी बेळगावच्याच खेपा घालाव्या लागतात का? जुन्या कायद्यात घालाव्या लागत होत्या. आता कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर जिल्हा आयोगात जाता येईल आणि त्याचे अपील महाराष्ट्र राज्य आयोगाकडे जाईल. तसेच निपाणीच्या माणसावर मिरजेत शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याला बेळगावात तक्रार करता येईल. मात्र ही निवड पहिल्याच दिवशी विचार करून करा, कारण तक्रार ज्या राज्यात दाखल होते, अपीलही त्याच राज्यात चालते.