1984 सालची सही

(पिशवी, रबरबँड, शेअर सर्टिफिकेटांची चळत. अगदी जवळून.)

रबरबँड वितळून कागदाला चिकटलंय. काकू ते ओढत नाहीत, कात्रीने कापतात.

कागद बघा. जाडसर, चारी कडांना नोटेसारखी वेलबुट्टी. वर फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या दप्तरातला भागधारकाचा खाते क्रमांक, आणि सर्टिफिकेट नंबर. मधे दोन लांबलचक आकडे, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. हे डिस्टिंक्टिव्ह नंबर. त्या काळी कंपनीच्या प्रत्येक शेअरला स्वतःचा क्रमांक होता. तळाशी संचालकांच्या सह्या आणि कंपनीचा शिक्का. कागद उलटा केला की रकाने दिसतात: कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर.

(चिंचवड. घराची गॅलरी, मग आतली खोली.)

काका टूलरूममध्ये होते. बोनस मिळाला की थोडे शेअर घ्यायचे, अशी त्यांच्या पाळीतल्या बऱ्याच जणांची रीत होती. फॉर्म भरायचा, चेक जोडायचा आणि पोस्टमनची वाट बघायची. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईच्या नोकरदार घरांत शेअर शिरले ते असे, फॉर्मवरच्या सहीने. ती सही कंपनीच्या दप्तरी नमुना म्हणून राहिली. आज इतक्या वर्षांनी हे कागद डीमॅट करायला, म्हणजे संगणकी खात्यात उतरवायला, काकांना ओळख पटवायची आहे, ती त्याच सहीशी.

(दलाल स्ट्रीट. जुनी छायाचित्रं: रिंगमधले दलाल, कागदांची गाठोडी.)

मुंबई शेअर बाजारात तेव्हा सौदा ओरडून व्हायचा आणि माल कागदाच्या रूपात पोचवायचा. विकणाऱ्याने ट्रान्सफर डीडवर, म्हणजे हस्तांतराच्या कागदावर, सही करायची, घेणाऱ्याने मुद्रांक लावायचे आणि सगळं बाड कंपनीकडे पाठवायचं. तिथला कारकून डीडवरची सही नमुन्याशी ताडून बघणार. जुळली नाही की कागद परत. कंपनीकडून घेणाऱ्याकडे, तिथून दलालाकडे, दलालाकडून विकणाऱ्याकडे. बाजारात याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. पैसे देऊन बसलेल्या माणसाच्या हाती शेअर नाहीत आणि पैसेही नाहीत. त्यातच टपालात गहाळ झालेले कागद, चोरीचे कागद, बनावट कागद.

14 मार्च 1995 रोजी मुंबई शेअर बाजारात बोल्ट ही संगणकी यंत्रणा सुरू झाली आणि रिंगमधली आरडाओरड थांबली. सौदा क्षणात होऊ लागला, माल मात्र अजून गाठोड्यातच. 1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत एनएसडीएल ही डिपॉझिटरी, म्हणजे शेअर संगणकी नोंदीत सांभाळणारी संस्था, सुरू झाली. तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक चंद्रशेखर भावे, महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी, पुढे सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष झाले. 1999 मध्ये सीडीएसएल ही दुसरी डिपॉझिटरी आली. शेअर आता खात्यातली नोंद झाला.

काकांचे कागद मात्र कपाटातच राहिले. विकायचे नव्हते, मग घाई कसली?

(सर्टिफिकेटांवरची कंपन्यांची नावं, एकेक करून.)

अशा पिशव्यांमधून बाहेर येणारी नावं आता बाजारात शोधून सापडत नाहीत. टेल्को 2003 साली टाटा मोटर्स झाली. हिंदुस्तान लीव्हर 2007 पासून हिंदुस्तान युनिलिव्हर आहे. टाटा टीचं आजचं नाव टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्स. कुठे दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले, कुठे एका कंपनीच्या दोन-तीन झाल्या. म्हणून जुना कागद पाहून किंमत सांगणाऱ्यावर विसंबू नका. फोलिओ नंबर घेऊन कंपनीच्या भागधारकांची नोंद सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे आरटीएकडे, लेखी विचारा. हे काम फुकट होतं. त्यासाठी कमिशन मागणारे भेटतात. त्यांना हात जोडा.

(डीपीचं काउंटर. फॉर्म, पेन, काकूंचा चष्मा.)

डीमॅट खातं बँकेत किंवा ब्रोकरकडे उघडतं, त्यांना डीपी म्हणतात. खातं उघडलं की डीआरएफ, म्हणजे डीमॅट विनंतीचा फॉर्म. प्रत्येक कंपनीसाठी वेगळा. त्यात प्रत्येक सर्टिफिकेटचा नंबर आणि ते ‘पासून-पर्यंत’ आकडे उतरवायचे. काकू एकेक अंक बोटाखाली धरून वाचतात, मुलगा लिहितो. एक अंक चुकला तरी अर्ज परत येऊ शकतो, म्हणून ही सावकाशी योग्यच आहे.

आता हे बघा. काउंटरवरची मुलगी सर्टिफिकेटवर शिक्का मारते: डीमॅटसाठी जमा. मग पंचिंग मशीन घेऊन कंपनीच्या नावावरच दोन भोकं पाडते. काका दचकतात. हे नियमानेच होतं, कागद वाटेत हरवला तरी कोणाला वापरता येऊ नये म्हणून. संगणकातून विनंतीचा नंबर निघतो, तो जपून ठेवायचा. सात दिवसांत डीपीने कागद आरटीएकडे धाडायचे आणि आरटीएने ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल द्यायचा.

निकाल आला: सही जुळत नाही.

(दोन सह्या शेजारी शेजारी. 1984 ची आणि आजची.)

काकांना कंपवात आहे.

(बँकेची शाखा. मॅनेजरचं टेबल.)

यावर उपाय आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे बरेच अर्ज पडून राहतात. आयएसआर-2 नावाचा फॉर्म. खातेदाराने बँकेत जाऊन आजची सही करायची आणि बँकेच्या अधिकाऱ्याने ती आपलं नाव, हुद्दा आणि शिक्का घालून साक्षांकित करायची. जोडीला नाव छापलेला रद्द केलेला चेक. आयएसआर-1 मध्ये पॅन, पत्ता, मोबाइल, बँक खातं. एसएच-13 मध्ये नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनीचं नाव. हे तिन्ही आरटीएच्या संकेतस्थळावर मिळतात.

(काका सही करतात. सही पुरी होईपर्यंत निवेदन नाही.)

अनेकांना वाटतं, कागद आता रद्दी झाले. तसं नाही. 1 एप्रिल 2019 पासून लिस्टेड कंपनीचा कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, एवढंच. मालकी कायम आहे, डीमॅट आजही होतं. पण ज्याची सही हवी तो माणूस असेपर्यंत हे फॉर्मचं काम आहे. एकट्याच्या नावावरचे शेअर असले, नामनिर्देशन नसलं आणि तो माणूस गेला, की मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, हमीपत्र आणि रक्कम मोठी असली तर कोर्टाचा वारसा दाखला.

(मोबाइलच्या पडद्यावर होल्डिंग स्टेटमेंट.)

दुसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला. लांबलचक आकड्यांच्या जागी आता एकच आयएसआयएन, म्हणजे त्या कंपनीच्या सगळ्या शेअरचा मिळून एक ओळख क्रमांक, आयएनईने सुरू होणारा, बारा अक्षर-अंकांचा. आता तुमचा शेअर आणि शेजाऱ्याचा शेअर यांत फरक उरलेला नाही.

एका फोलिओवर सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला गेला नव्हता. ते शेअर सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, गेलेत, ते आयईपीएफ-5 या अर्जाने परत मागता येतात.

(जेवणाचं टेबल, उरलेले फॉर्म.)

दोन फोलिओ राहिलेत. त्यांवर पहिलं नाव काकूंचं आहे, दुसरं काकांचं. डीमॅट खात्यात क्रम उलटा आहे. त्यासाठी नवं खातं काढायची गरज नाही. डीआरएफसोबत ट्रान्सपोझिशनचा, म्हणजे नावांचा क्रम बदलण्याचा, फॉर्म जोडायचा आणि त्यावर दोघांच्याही सह्या हव्यात. काकूंची झाली आहे.