व्हॅल्यू बिल्डमध्ये शिरते तेव्हा

[पडद्यावर टर्मिनल. 'एनपीएम रन बिल्ड' ही कमांड टाइप होते.]

ही कमांड बिल्ड सुरू करते, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालवायच्या तयार फाइल बनवते. एंटर दाबलं, की पहिली ओळ छापली जाण्याआधीच एक व्यवहार उरकलेला असतो. ज्या शेलमधून, म्हणजे कमांड स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅममधून, कमांड सुटली, त्याने आपल्याजवळच्या नाव आणि व्हॅल्यूंच्या जोड्यांची एक प्रत नव्या प्रोसेसला, म्हणजे सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेली असते. होम, पाथ, लँग, असे बरेच. हेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ही सोय १९७९ची, बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतली. देणं मात्र एकतर्फी. नव्या प्रोसेसने आपल्या प्रतीत कितीही खाडाखोड केली, तरी शेलकडची मूळ यादी तशीच राहते.

२०११मध्ये हेरोकू या क्लाउड कंपनीच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप'ची बारा सूत्रं मांडली. तिसरं सूत्र असं, की कॉन्फिगरेशन, म्हणजे पत्ते, पासवर्ड अशा जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टी, कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. सोबत एक कसोटीही दिली. तुमचा सगळा कोड आत्ता, या क्षणी जगाला खुला केला, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का?

सर्व्हरसाठी हा सल्ला चोख आहे. पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचं काय? तिथे ना शेल, ना एन्व्हायर्नमेंट.

[एडिटरमधली एक ओळ मोठी होते.]

इथे लिहिलंय 'प्रोसेस.एन्व्ह.रिअ‍ॅक्ट_अ‍ॅप_एपीआय_यूआरएल'. बिल्ड चालू असताना वेबपॅक या बिल्ड टूलचं डिफाइन प्लगइन नेमका हा मजकूर शोधतं, खोडतं आणि त्या जागी अवतरणचिन्हांसकट थेट पत्ता चिकटवतं. तयार झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचा मागमूस उरत नाही. मग सर्व्हरवर व्हॅल्यू बदला, दहादा रीस्टार्ट करा, अ‍ॅप जुन्याच पत्त्यावर जाणार. नवा पत्ता हवा असेल तर पुन्हा बिल्ड करा. टेस्टिंगमध्ये पास झालेलं बिल्ड जसंच्या तसं प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, न्यायचं, हा चांगला शिरस्ता इथेच मोडतो. म्हणून सारखे बदलणारे पत्ते वेगळ्या जेसन फाइलमध्ये ठेवून अ‍ॅप उघडताना वाचणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

शिवाय एकदा चिकटलेली व्हॅल्यू कुणीही वाचू शकतो. ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडायचा अवकाश. म्हणून टूल्सनी नावाला उपसर्ग सक्तीचा केला. तो असेल तरच व्हॅल्यू चिकटते. आता निवृत्त झालेल्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमध्ये 'रिअ‍ॅक्ट_अ‍ॅप_', वीटमध्ये 'वीट_', नेक्स्टमध्ये 'नेक्स्ट_पब्लिक_'. नेक्स्टचा उपसर्ग सगळ्यांत प्रामाणिक, नावातच 'पब्लिक' आहे. तरीही 'अनडिफाइन्ड येतंय', म्हणजे व्हॅल्यूच मिळत नाही, म्हणून पेमेंटच्या सीक्रेट कीला हा उपसर्ग लावून मोकळे होणारे महाभाग असतातच.

[विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट.]

आणि ही स्पेस पाहा. 'सेट नोड_एन्व्ह=प्रॉडक्शन', मग एक स्पेस, मग दोन अँपरसँड. विंडोज ती स्पेसही व्हॅल्यूत धरतं. आता 'प्रॉडक्शन'शी केलेली तुलना जुळत नाही, आणि स्क्रीनवर तर सगळं बरोबर दिसतं! तशीच गत 'फॉल्स'ची. एन्व्हायर्नमेंटमधून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग जावास्क्रिप्टच्या लेखी खरीच.

ब्राउझरपर्यंत न पोचणारी सीक्रेट्स बिल्ड सर्व्हरवर तरी सुरक्षित असतात का? ३१ जानेवारी २०२१पासून कोडकव्ह या कंपनीच्या, टेस्टचे अहवाल पाठवणाऱ्या बॅश अपलोडर स्क्रिप्टमध्ये परक्याने बदल केलेला होता. हजारो बिल्डमध्ये वापरली जाणारी ही स्क्रिप्ट. बदललेली ओळ 'एन्व्ह' कमांडचं सगळं आउटपुट, म्हणजे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कर्ल या डेटा पाठवणाऱ्या टूलने भलत्याच सर्व्हरला पाठवत होती.

[दोन चेकसम शेजारी शेजारी.]

१ एप्रिलला एका ग्राहकाने डाउनलोड केलेल्या स्क्रिप्टचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, जाहीर केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला. जुळला नाही. तोवर दोन महिने उलटले होते. ज्यांच्या ज्यांच्या बिल्डमध्ये ती स्क्रिप्ट चालली, त्यांना टोकन आणि पासवर्ड बदलायला बसावं लागलं. हॅशिकॉर्प या सॉफ्टवेअर कंपनीने तर रिलीजवर डिजिटल सही करायची जीपीजी कीच रद्द करून नवी काढली.